सतरंजीचं दुसरं टोक: पुण्यात नव्यानं शिकायला आलेल्यांसाठी

मी परभणीहून पुणे विद्यापीठात एम.ए.ला आले तेव्हा पहिले तीन महिने माझं पुणं म्हणजे वसतिगृह, विभाग आणि रिफेक्टरी एवढंच होतं. शहरात रोज काही ना काही चालू आहे हे भिंतीवरच्या पत्रकांवरून दिसायचं. एकदा धीर करून सदाशिव पेठेतल्या एका छोट्या हॉलमध्ये व्याख्यानाला गेले. मागच्या रांगेत बसले, ऐकलं, उठून आले. कोण, कुठली, कुणी विचारलं नाही. दुसऱ्यांदा गेले, तेच. तिसऱ्यांदा कार्यक्रम संपल्यावर एक काका म्हणाले, "ताई, जरा हे टोक धरता का?" पुढं अंथरलेल्या सतरंजीची आम्ही दोघांनी घडी घातली, ती कपाटात टाकली, आणि मग खाली अमृततुल्यात चहा झाला. त्या चहानंतर पुण्यात मला नावानं हाक मारणारी चार माणसं झाली.

राजकारणात 'सतरंज्या उचलणारा' हे काही कौतुकानं म्हणत नाहीत, ठाऊक आहे. तरी सांगते, नव्या गावात प्रेक्षक म्हणून कितीही हिंडलात तरी पाहुणेच राहता. हातात काम आलं की लोक तुम्हाला धरून चालायला लागतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी याच हिशेबानं लिहिल्या आहेत. उदाहरणं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातली आहेत, कारण मला ते माहीत आहे. फर्ग्युसन, एस.पी., गरवारे किंवा आणखी कुठल्या कॉलेजात असाल तर आवाराचा भाग सोडून द्या, बाकीचं तेच.

पायरी १: कागद, बस, मेस

हा कंटाळवाणा भाग आधी उरकून टाका. ओळखपत्र हातात येईपर्यंत प्रवेशाची पावती जवळ ठेवा आणि दोन-तीन बोनाफाईड काढून ठेवा. ग्रंथालय, बसचा पास, पुढं एखाद्या स्पर्धेचा अर्ज, सगळीकडे 'हा आमचाच विद्यार्थी' असं कुणीतरी लिहून द्यावं लागतं, आणि ते लिहून देणारे नेमके त्या दिवशी रजेवर असतात.

पीएमपीचा, म्हणजे शहर बससेवेचा, विद्यार्थी पास काढा. शहरात जायचं की नाही हे अनेकदा तिकिटाच्या पैशांवर ठरतं. पास खिशात असला की तो विचारच मनात येत नाही. बसच्या पाटीवर 'मनपा' दिसलं की ती शिवाजीनगरला महापालिका भवनापाशी जाते आणि तिथून शनिवार, नारायण, सदाशिव या पेठा पायी गाठता येतात. मेट्रोच्या वनाज-रामवाडी आणि पिंपरी-स्वारगेट या मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकींना भेटतात. मंडईत उतरलात की थेट जुन्या पुण्यात वर येता.

मेस लावताना चव तर बघालच, पण 'खाडा धरता का?' हेही विचारा. सलग किती दिवस जेवला नाहीत की पैसे वळते होतात, रात्री उशीर झाला तर डबा झाकून ठेवतात का, हे आधी कळलं तर बरं. संध्याकाळी तालमीला किंवा कार्यक्रमाला जाणाऱ्याचं जेवण साडेआठच्या मेसमध्ये बसत नाही. वसतिगृहाच्या गेटचंही तसंच. रात्री उशिरा येण्याची लेखी परवानगी कुणाकडून आणि कशी घ्यायची, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा. बाहेर कॉट बेसिसवर राहणार असाल तर घरमालकाशी हे आधीच बोला. पुण्यात 'रात्री दहानंतर गेट बंद' ही पाटी वाचायला गमतीची वाटते, बाहेर उभं राहिल्यावर वाटत नाही.

पायरी २: आवार पायी फिरा

विद्यापीठाचं आवार सुमारे ४११ एकरांचं आहे आणि बहुतेक विद्यार्थी त्यातल्या एकाच रस्त्यानं दोन वर्षं जातात-येतात. एक रविवार काढा, पाण्याची बाटली घ्या आणि चालायला लागा.

मुख्य इमारत म्हणजे मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचा जुना बंगला, १८६० च्या दशकात बांधायला घेतलेला. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव इथंच साजरा झाला, आणि इथून परतताना गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. शाळेत पाठ केलेला तो रस्ता आता तुमचा बसचा रस्ता आहे. विद्यापीठ स्थापन झालं १९४९ मध्ये. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, म्हणून ग्रंथालय 'जयकर'. २०१४ पासून विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव आहे. 'जयकरला भेटू' म्हणजे ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, 'अनिकेतला बसू' म्हणजे कँटीनमध्ये. ही भाषा आठवड्याभरात तोंडात बसते.

आवारातच आयुका आहे. खगोलशास्त्रासाठीची ही संस्था १९८८ मध्ये उभी राहिली, जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक, वास्तू चार्ल्स कोरिया यांची. आत एका अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, संस्था सगळ्यांसाठी खुली असते आणि शाळकरी पोरांची जत्रा लोटते. कला शाखेवाल्यांनो, तुम्हीही जा. मी समाजशास्त्राची, तरी रांगेत उभं राहून दुर्बिणीतून बघितलं. नारायणगावजवळ खोडदला आवारातल्याच एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेनं उभारलेली जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली रेडिओ दुर्बीण. तीही विज्ञान दिनाच्या सुमाराला लोकांना बघता येते. तिथं समजावून सांगायला स्वयंसेवक लागतातच. विज्ञानाचे असाल तर जानेवारीतच आपल्या विभागात चौकशी करा.

फिरताना प्रत्येक विभागाबाहेरचा फलक वाचा. दुसऱ्या विभागांची व्याख्यानं बहुतेक वेळा सगळ्यांना खुली असतात. आत शिरायला कुणाची परवानगी लागत नाही, थोडा निर्लज्जपणा लागतो.

पायरी ३: आवारात एक काम पत्करा

एकच. पहिल्या उत्साहात पाच ठिकाणी नाव घालणारे दिवाळीनंतर कुठंच दिसत नाहीत.

राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, हा सगळ्यात सोपा दरवाजा. पदवीच्या मुलांसाठी दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर अशी तिची रचना आहे. खरी ओळख होते ती शिबिरात. एखाद्या खेड्यातल्या शाळेत चाळीस जण झोपतात, पहाटे बंधाऱ्याला दगड वाहतात, रात्री नाटुकली करतात. घरी भांड्याला हात न लावलेला मुलगा चाळीस माणसांच्या पिठल्याचा अंदाज घ्यायला शिकतो. (आमच्या शिबिरात तो चुकला होता. दोन दिवस पिठलंच खाल्लं.) आषाढी वारीच्या वेळी विद्यापीठाच्या एनएसएसची मुलं पालखी मार्गावर स्वच्छतेच्या कामाला असतात. ज्ञानोबा आणि तुकोबा, दोन्ही पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्कामी असतात. वारी रस्त्याच्या कडेनं बघणं वेगळं आणि पहाटे चारला वारकऱ्यांच्या तळावर हजर असणं वेगळं.

पैशांची ओढाताण असेल तर 'कमवा व शिका' योजनेत नाव द्या. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावानं ती चालते. ग्रंथालय, कार्यालय, बाग, विभाग अशा ठिकाणी तासांवर काम आणि त्याचं मानधन. अर्ज प्रवेशानंतर लगेच निघतात, तेव्हा फलकाकडे लक्ष ठेवा. या योजनेत जायला लाजणारी मुलं मी पाहिली आहेत. लाजण्यासारखं त्यात काही नाही, उलट कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांशी ओळख होते आणि पुढची दोन वर्षं तुमचा एकही कागद अडत नाही.

रंगमंचाची, भाषणाची, संशोधनाची हौस असेल तर विद्यार्थी विकास मंडळाच्या सूचना वाचत राहा. 'इंद्रधनुष्य' हा राज्यातल्या विद्यापीठांचा युवक महोत्सव, 'आविष्कार' ही संशोधनाची स्पर्धा, 'अश्वमेध' हा क्रीडा महोत्सव. यांच्या निवड चाचण्या आधी कॉलेज आणि विभागाच्या पातळीवर होतात. बाहेरगावची मुलं तिथंच मागं पडतात, कारण सूचना लागते मंगळवारी आणि नाव द्यायची मुदत संपते गुरुवारी. बोलायला आवडत असेल तर आवारातलं 'विद्यावाणी' हे रेडिओ केंद्रही बघून या.

विद्यार्थी संघटना तुम्हाला शोधत येतीलच, तुम्ही जायची गरज नाही. सगळ्यांचं ऐका. कुणाच्या अभ्यासमंडळात पुस्तकं वाचली जातात आणि कुणाकडे फक्त घोषणा पाठ करून घेतात, हे महिनाभरात कळतं. त्यानंतर सही करायची की नाही ते ठरवा.

पायरी ४: शहरात एक जागा धरा आणि तीनदा जा

या लेखातली सगळ्यात उपयोगाची सूचना हीच. दहा ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एका ठिकाणी तीनदा जा. पहिल्यांदा तुम्ही कुणी नसता. दुसऱ्यांदा कुणीतरी मान हलवतं. तिसऱ्यांदा खुर्ची पुढं सरकवली जाते. आणि एकटे जा. रूम पार्टनरला घेऊन गेलात तर दोघं एकमेकांशीच बोलून परत येता.

जागा कुठली, ते आवडीवर. वाचणाऱ्यांसाठी टिळक रस्त्यावरची महाराष्ट्र साहित्य परिषद आहे, १९०६ पासूनची. शनिवार पेठेत 'साधना' साप्ताहिकाचं कार्यालय आणि पुस्तकांचं दालन आहे. साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेलं हे साप्ताहिक. नवी पेठेत गांजवे चौकाच्या आसपास पत्रकार भवन आणि एस. एम. जोशी फाउंडेशनचं सभागृह आहे. चळवळीतल्या माणसांच्या सभा, पुस्तक प्रकाशनं, कधी कधी खडाजंगी, तिकडे. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं आहे. त्याच वर्षी बुधवार पेठेत भिडे वाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. गंज पेठेतला फुले वाडा ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, अवश्य बघा. आपल्या पदवीवर ज्यांचं नाव छापून येणार आहे त्यांचं घर अर्ध्या तासावर आहे आणि दोन वर्षांत तिथं पाऊल न टाकलेले पदवीधर मला शेकड्यानं माहीत आहेत. २० ऑगस्टच्या सकाळी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर जमणारी माणसंही एकदा बघा. २०१३ मध्ये याच पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि माणसं तिथं जमायची थांबलेली नाहीत.

एप्रिल-मे मध्ये वसंत व्याख्यानमाला असते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली. नेमकी परीक्षेच्या तोंडावर येते हा तिचा एकमेव दोष.

पुस्तकं विकत घ्यायला अप्पा बळवंत चौक. तिथं दुकानदार 'कितवीचं?' असं विचारतो तेव्हा रागावू नका, त्याला एम.ए. आणि आठवी सारखीच.

सिनेमावाल्यांसाठी विधी महाविद्यालय रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे (१९६४), आणि जानेवारीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, 'पिफ'. गाणं ऐकणाऱ्यांसाठी डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव आता मुकुंदनगरला होतो. खुर्चीचं तिकीट विद्यार्थ्याला परवडत नाही. भारतीय बैठकीचं, म्हणजे खाली बसायचं, घ्या. पाठीला टेकू नसतो, पण बाजूला बसलेले आजोबा राग कुठला ते हळूच सांगतात, शिवाय डब्यातली बाकरवडीही देतात. गाण्यातलं काही कळत नसलं तरी चालतं. शेजारी डोळे मिटून बसलेल्या सगळ्यांना कळत असतं असंही नाही.

शहराच्या मध्यावर फर्ग्युसन रस्त्याला विद्यापीठाची रानडे इन्स्टिट्यूट आहे. जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी या भाषांचे अर्धवेळ वर्ग तिथं चालतात. पदवी किंवा एम.ए. सांभाळून करता येतात, आणि वर्गात नोकरदार, गृहिणी, अभियंते, निवृत्त माणसं एकाच बाकावर असतात. एका वयाच्या पोरांतच अडकायचं नसेल तर याहून चांगली जागा नाही.

पायरी ५: नाटकात शिरायचं असेल तर

यावर जरा जास्त लिहिते, कारण बाहेरगावच्या मुलांना इथंच सगळ्यात जास्त भीती वाटते.

महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेतं. सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिरात, पावसाळ्याच्या उत्तरार्धात. 'अरे, आव्वाज कुणाचा!' ही आरोळी तिथलीच. बाहेर रस्त्यावर ढोलकी, आत एकेका टाळीचा हिशेब. ज्या कॉलेजात आहात तिथल्या चमूची निवड जुलैतच होते. म्हणजे तुम्ही अजून रूम शोधत असता तेव्हा. प्रवेश झाल्या झाल्या 'पुरुषोत्तमची तालीम कुठं चालू आहे?' एवढं विचारा, शिपाईमामासुद्धा सांगतील. हुकलं तर फेब्रुवारीच्या आसपास फिरोदिया करंडक असतो. त्यात नाट्याबरोबर गाणं, नाच, चित्र, शिल्प, जे येतं ते सगळं घालता येतं, त्यामुळं माणसं जास्त लागतात.

अभिनय येत नसेल तर 'बॅकस्टेजला घ्याल का?' असं विचारा. या प्रश्नाला मी आजवर नकार ऐकलेला नाही. सेट उचलणं, प्रॉपर्टीची यादी, दिवे, संगीताची कळ दाबणं, तालमीत कुणी आलं नाही तर त्याची वाक्यं वाचणं. माझी सुरुवात अशीच झाली. एक दिवस वाक्यं वाचताना चुकून माझ्या तोंडून 'काय करायलास?' गेलं. पुण्यात आल्यापासून मी ते 'काय करतोयस?' असं धुऊन-पुसून बोलत होते. दिग्दर्शक म्हणाला, "थांब. तसंच बोल. परत." आणि ती भूमिका माझ्याकडे आली.

म्हणून सांगते, आपली बोली इस्त्री करून बोलू नका. 'मी जायलो', 'व्हय', 'बे', 'काऊन' याला हसणारे भेटतील, पहिल्या महिन्यात बरेच भेटतील. त्यांच्या हसण्यावर एकच उपाय, त्यांना त्यांच्या 'अगं, मी ना, आत्ता ना' बद्दल विचारायचं.

तालमीचा एक अलिखित नियम. वेळेवर जा, सगळे उशिरा येत असले तरी. सहाची तालीम सातला सुरू होते, पण सहाला आलेल्याला चाव्या मिळतात. चाव्या ज्याच्याकडे, त्याच्याशिवाय काही सुरू होत नाही.

पायरी ६: ढोल पथक

गणपतीच्या दोनेक महिने आधी संध्याकाळी नदीपात्राकडून ढोलाचा आवाज यायला लागतो. तो ढोल-ताशा पथकांचा सराव. पथकांत निम्मीअधिक कॉलेजची मुलं-मुली असतात, आणि बहुतेकांनी त्याआधी ढोलाला हात लावलेला नसतो. वाद्यपूजन झालं की नोंदणी सुरू. मुलाखत वगैरे काही नाही, रोज येणार का एवढं विचारतात.

सोपं नाही. पहिला आठवडा हाताला फोड, दुसरा आठवडा कंबर. ढोल कमरेला बांधून दोन तास उभं राहायचं म्हणजे तालमीतला व्यायाम आहे. कानात कापसाचे बोळे किंवा प्लग घालाच. 'मला सवय आहे' म्हणणाऱ्या जुन्या वादकांशी हळू आवाजात बोलून बघा, मग कळेल सवय म्हणजे काय. ज्या पथकात पाणी, प्रथमोपचार आणि मुलींच्या परतीची नीट सोय नाही, ते पथक सोडा. पुण्यात पथकांना तोटा नाही.

विसर्जनाची मुख्य मिरवणूक मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघते आणि लक्ष्मी रस्त्यानं अलका चौकाकडे जाते. पुढं मानाचे पाच: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. मागं बाकीचे, आणि ती दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. पोटात काही घालून जा. शौचालय कुठं आहे हे आदल्या दिवशी बघून ठेवा. हे कुणी सांगत नाही, आणि मुलींना सगळ्यात जास्त हेच नडतं.

गर्दी, आवाज, देवधर्म यातलं काहीच मानवत नसेल तर हे टाळण्यात काही बिघडत नाही. गणपतीत गावी जाणारे पुणेकरही भरपूर आहेत.

पायरी ७: टेकडी, नदी, वॉर्ड ऑफिस

सकाळी चतुःशृंगीच्या बाजूनं किंवा विधी महाविद्यालयाच्या मागून वेताळ टेकडीवर चढा. रोज येणारे लोक एकमेकांना ओळखतात, आणि नव्या चेहऱ्याला 'नमस्कार' म्हणतात. टेकडीवरून रस्ता नेण्याच्या प्रस्तावाला विरोध करणारे तिथंच भेटतील, झाडं लावून उन्हाळाभर पाण्याचे कॅन वाहणारेही. मुठेच्या काठी 'जीवितनदी'सारखे गट शनिवार-रविवारी नदीवर काम करतात. कॅन उचला, कचरा वेचा, प्रश्न विचारा. शहराचं राजकारण मला वर्गात कळलं नाही तेवढं या दोन ठिकाणी कळलं.

अठरा पूर्ण असतील तर मतदार यादीचंही बघा. शिक्षणासाठी जिथं राहता तिथं नमुना ६ भरून नाव नोंदवता येतं. गावाकडे आधीच नाव असेल तर दोन्हीकडे ठेवता येत नाही, ते हलवण्याचा अर्ज वेगळा. हलवायचं की नाही याचा विचार करा. माझं नाव मी परभणीकडच्या गावातच ठेवलं, कारण तिथल्या ग्रामपंचायतीत एका मताला किंमत आहे. माझ्या मैत्रिणीनं पुण्यात आणलं, कारण तिच्या गल्लीतला दिवा तीन महिने बंद होता. दिव्यासाठी मत लागत नाही, क्षेत्रीय कार्यालयात, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, अर्ज लागतो, पोच घेतलेला. पुणे महापालिका २००६-०७ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून छोटी कामं सुचवून घेते, तेही याच कार्यालयामार्फत. पदपथ, बाक, दिवे. तुम्ही भाडेकरू असलात तरी अंधारात ठेच तुम्हालाच लागते.

पायरी ८: सतरंजी खाली ठेवायची वेळ

पहिल्या वर्षाच्या शेवटी एका मोठ्या कार्यक्रमाच्या आयोजकांनी आम्हा आठ-दहा मुलांना 'स्वयंसेवक' म्हणून बोलावलं. तीन दिवस सकाळी सात ते रात्री अकरा. पाहुण्यांच्या गाड्या, हार, चहा, पासांवरून शिव्या. प्रवासखर्च देऊ म्हणाले होते. तो आला नाही, प्रमाणपत्रही आलं नाही, आणि त्या आठवड्यात माझी अंतर्गत परीक्षा बुडाली. चूक माझीही होती, मी काहीच विचारलं नव्हतं.

आता होकार देण्याआधी मी चार गोष्टी विचारते. किती दिवस आणि किती तास? जेवणाचं आणि रात्री परत सोडण्याचं काय? खर्च आधी की नंतर? आणि माझ्या वर कोण, म्हणजे अडचण आली तर फोन कुणाला करायचा? या प्रश्नांवर जो वैतागतो, त्याच्याकडे काम करायचं नाही. तिकीट विकून चाललेला कार्यक्रम आणि लोकांच्या वर्गणीतून चाललेला कार्यक्रम यांत फरक करा. दुसऱ्या ठिकाणी सतरंजी फुकट उचला. पहिल्या ठिकाणी मानधन मागा.

कुठल्याही गटात, पथकात, तालमीत कुणी अंगचटीला आलं किंवा 'परंपरा' म्हणून नव्यांना छळू लागलं, तर तिथून उठा आणि सांगा. विद्यापीठात आणि कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय क्रमांक १८००-१८०-५५२२, तो मोबाइलमध्ये आत्ताच घालून ठेवा.

आणि अभ्यास. स्पर्धा परीक्षावाले मित्र म्हणतील, हे सगळे नाद सोड, अभ्यासिकेत बस. त्यांचंही खरं आहे. घरून महिन्याला मोजके पैसे येत असतील तर सरावाला रोज तीन तास देणं चैनीचं वाटू शकतं. मग आठवड्यातून एक संध्याकाळ काढा, तीही चालते. माझे एक अभ्यासिकावाले दादा पाच वर्षं दर रविवारी सकाळी फक्त टेकडीवर पाणी घालायला यायचे. पुण्यात त्यांना ओळखणारी सगळ्यात जास्त माणसं टेकडीवरचीच होती. पुढं त्यांना खोली सोडावी लागली तेव्हा नवी खोली त्यातल्याच एका आजींनी दिली.

आत्ता कुठला महिना आहे ते बघा

जून-जुलै असेल तर वारी, रानडेतले भाषावर्ग, पुरुषोत्तमच्या तालमी आणि पथकाची नोंदणी, यातलं एक धरा. ऑगस्ट-सप्टेंबर असेल तर भरत नाट्यला निदान प्रेक्षक म्हणून एक दिवस बसा. दिवाळीनंतर एनएसएसच्या शिबिरांची तयारी सुरू होते. डिसेंबरात सवाई, आणि फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव. जानेवारीत फुले वाडा आणि पिफ, फेब्रुवारीत आयुका. मार्च आला की वही उघडा, आधीच उघडली असेल तर उत्तम. आणि दिवाळीला नांदेडकडे जाणाऱ्या गाडीचं आरक्षण गणपतीच्या आधीच करून ठेवा. मी पहिल्या वर्षी केलं नव्हतं, दौंडपासून परभणीपर्यंत उभी गेले.